आजीची तीन लुगडी, अकरा नातवंडं आणि दिवाळी: हाताने काय करता येईल?

कृष्णाकाठ
९ सप्टेंबर, रात्री १०:४२

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय.

आजी गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. मागची दिवाळी तिच्या वर्षातली, त्यामुळे दारात साधा कंदीलसुद्धा लावला नव्हता. यंदा सगळे कराडजवळच्या घरी जमायचं म्हणतायत. बाबा धरून तिघं भावंडं आणि त्यांची आम्ही अकरा मुलं. थोरला दादा ४४ चा, शेंडेफळ १९ चं, होस्टेलवर राहणारं. मधली आम्ही सगळी संसारातली, हप्त्यातली.

दरवर्षी भाऊबीजेला आमच्यात पाकिटं फिरतात. मी ५०१ देते, मला ५०१ परत येतात. एका वर्षी तर मी दिलेलं पाकीटच वरचं नाव खोडून माझ्याकडे आलं होतं. यंदा म्हटलं हे बंद. काहीतरी हाताने केलेलं आणि प्रत्येकाचं आपापलं असं द्यायचं.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात कपाट आवरताना आजीची तीन इरकली लुगडी निघाली. एक मोरपंखी, एक वांगी रंगाचं, एक बाटलीहिरवं. वरून डांबरगोळ्यांचा वास, पण घडी उलगडली की आतून अजून मिसरीचा वास येतो. माझ्या मनात आलं की यातलाच तुकडा तुकडा प्रत्येकाला द्यावा, पण नुसता तुकडा घेऊन कोण काय करणार? फ्रेम? पर्स? उशीचे अभ्रे?

मला शिवण जेमतेम येतं. फॉल लावते, हातशिलाई बरी आहे. घरात मशीन आहे, पण ती माझं ऐकत नाही.

आणि मोठी अडचण म्हणजे काकू. तिने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "आईचं लुगडं कात्रीला लावू देणार नाही."

सुचवा काहीतरी. लुगड्याचं सोडून दुसरं काही सुचलं तरी चालेल.

---

तुरटी
९ सप्टेंबर, रात्री ११:०५

काहीही करा, पण फोटो छापलेले कॉफीमग देऊ नका. आमच्याकडे सात आहेत. एकावर माझं लग्न आहे, आणि नवऱ्याच्या नेमकं नाकाच्या जागी कानाची सुरुवात होते. सध्या त्यात टूथब्रश राहतात.

किचेन, उशीवर चेहरा, घड्याळात चेहरा, सगळं त्याच जातीतलं. नाव आपलं असतं, वस्तू कुणाचीच नसते.

---

सोलापुरी_चादर
१० सप्टेंबर, सकाळी ६:२०

ताई, वाकळ शिवा की. एवढा विचार कशाला? तुमी गोधडी म्हणत असाल, आमच्याकडं वाकळच.

लुगडं वर, आत एखादं जुनं धोतर न्हाईतर मऊ सुती साडी, खाली मांजरपाट. तीन थर बास. हातानं धावदोरा घालायचा, मशीनीचं काम न्हाई. तुमची हातशिलाई बरी हाय म्हणताय ना, मग झालं. माझी आत्या शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत चपातीचा इवलासा तुकडा सारायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवू ने म्हणायची.

मोठी अंथरुणाएवढी करू नका, मरशीला. पायावर घ्यायची करा.

---

शंकासुर
१० सप्टेंबर, सकाळी ९:४८

काकूंशी सहमत. जुनं हातमागाचं इरकल पुन्हा मिळत नाही. पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांना फासे घालून जोडलेले असतात, टोपपदर म्हणतात तो हाच. ते कौशल्य अख्खं बघायला मिळावं असं नाही वाटत? तुकडे केलेत की ना लुगडं राहिलं, ना आजी. कपाटात ठेवा, वर्षातून दोनदा घडी मोडून उलटी घाला.

---

तुरटी
१० सप्टेंबर, सकाळी ९:५५

@शंकासुर, आणि पुढच्या पिढीने ती घडी मोडायची की डांबरगोळ्या बदलायच्या हेही सांगून जायचं का?

---

गिरगावकर_तिसरामजला
१० सप्टेंबर, दुपारी १:३०

शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही. कंदिलाचं विचारा.

मागच्या वर्षी तुमच्या दारात कंदील नव्हता म्हणताय ना, मग यंदाचा विकतचा नको. आमच्या चाळीत दसरा झाला की बांबूच्या कामट्या यायच्या आणि मग पंधरा दिवस गॅलरीत कुणाला चालायला जागा नसायची. सगळ्यात सोपी चांदणी सांगतो.

दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या. पाच कामट्यांची एक चांदणी, तशा दोन बांधायच्या. आपण पाटीवर हात न उचलता चांदणी काढतो त्याच क्रमाने कामट्या एकमेकींच्या वरखाली घ्या, म्हणजे आपोआप अडकून बसतात. दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून फक्त पाच टोकं दोऱ्याने आवळा. मग आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात तिथे पाच ठिकाणी सहा-सहा इंचांचे तुकडे उभे खोचा. कंदिलाला पोट येतं. इथेच नवशिक्याच्या हातून कामटी फाटते, म्हणून कामट्या आदल्या रात्री पाण्यात घाला.

खळ घरची. मैदा पाण्यात शिजवायचा. आमचे दादा त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे म्हणजे झुरळं लागत नाहीत, पण ते विष आहे, पोरं हात घालणार असतील तर नको. कागद पतंगाचा. वर झिरमिळ्या. आत पूर्वी ४० चा पिवळा दिवा असायचा आणि तिसऱ्या दिवशी कागद करपायचा. आता पाच वॅटचा एलईडी लावा, काही होत नाही.

आणि तुम्हाला प्रत्येकाचं नाव हवंय ना? नावं बाहेरून लिहू नका. काळ्या कागदाची अक्षरं कापा आणि आतल्या बाजूने डकवा. दिवसा काही दिसत नाही. संध्याकाळी दिवा लावला की अक्षरं उमटतात. आमच्याकडे एका वर्षी अशी अख्ख्या मजल्याची आडनावं उमटली होती आणि एक बिऱ्हाड विसरलं म्हणून पाडव्यापर्यंत अबोला होता.

जमलं नाहीच तर माहीमची कंदील गल्ली आहे. पण जमेल.

---

अर्धीवाटी
१० सप्टेंबर, संध्याकाळी ७:१२

मी दोन वर्षांपूर्वी आईच्या हाताच्या पाककृतींची वही करून भावंडांना दिली होती. एक अनुभव सांगते, कारण सगळेजण ही वही करतात आणि सगळ्यांची तिथेच फसते.

आई म्हणाली, चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, धणे-जिरे अंदाजाने. मी लिहून घेतलं. हे प्रमाण आहे, वाटी कुठलीही चालते. पण पुढे कडबोळ्यात "एक वाटी मोहन" आलं तेव्हा मी विचारलं, कुठली वाटी? तर ती उठली आणि फडताळातून एक चेपलेली जर्मनची वाटी घेऊन आली. मोजली तर १४० मिली. माझ्या घरची वाटी २०० ची. दहा वर्षं माझी कडबोळी तेलात विरघळत का होती ते त्या दिवशी कळलं.

मग वहीच्या पहिल्या पानावर मी त्या वाटीचा काठ पेन्सिलीने गिरवून घेतला आणि खाली मिली लिहिले. भाऊ म्हणतो, वहीतलं तेवढं एकच पान मी रोज बघतो.

अक्षर आईचंच ठेवा. टाइप करू नका. झेरॉक्स काढायची तर निळ्या शाईचं फिकं येतं, काळ्या पेनाने लिहून घ्या.

---

कृष्णाकाठ
१० सप्टेंबर, रात्री ९:३०

किती छान सुचवताय सगळे! कंदील नक्की, ते काम भाचरांकडे. पाककृतींचं मात्र अवघड आहे. आजीला लिहिता येत नव्हतं, सही करण्यापुरती अक्षरं.

वाकळीचं मनात बसलंय. पण काकू.

लुगडी अंगणात पसरून फोटो काढलेत, खाली टाकते. हिरवं लुगडं मला आखूड वाटतंय. ३२६ इंच मोरपंखी भरलं, हिरवं २९१ च. नऊ वार म्हणजे ३२४ ना? मग हे आटलं की काय?

---

टाकाटाका
१० सप्टेंबर, रात्री १०:१६

तिसऱ्या फोटोत हिरव्याचा काठ मोठा करून बघा. साधारण मध्यावर काठाची नक्षी एकदम तुटून पुन्हा सुरू झालीय. तिथे आडवी शिवण आहे का?

आटलं नाहीये ते. दांड आहे तो. नऊवारी बसण्या-उठण्याने एकाच जागी विरतं. तेवढा विरलेला पट्टा कापून टाकायचा आणि दोन्ही तुकडे पुन्हा जोडायचे, त्या जोडाला दांड म्हणतात. आमच्या आजीच्या रोजच्या लुगड्यांना दोन-दोन दांड असायचे, नेसताना ते निऱ्यांत लपवायची.

म्हणजे हे लुगडं तुमच्या आजीने स्वतःच एकदा कापलेलं आहे.

---

गिरगावकर_तिसरामजला
१० सप्टेंबर, रात्री १०:२१

_/\_ टाकाटाका, तुमच्या नजरेला सलाम.

---

कृष्णाकाठ
११ सप्टेंबर, रात्री ८:०५

खरंच दांड आहे! मी एवढे दिवस घडी घालत होते, हाताला लागला नाही इतका बारीक. आतून दोन्ही कडा मोडून दुहेरी शिवलंय. दोरा हिरवा मिळाला नसावा, निळ्याने शिवलंय.

लगेच काकूकडे घेऊन गेले. मला वाटलं होतं आता ती विरघळेल. तिने चष्मा लावून दांडावरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "तिनं नेसायला कापलं. तुम्ही शोभेला कापणार."

मला काही बोलताच येईना. थोड्या वेळाने आतून भांडी घासता घासता ओरडून म्हणाली, "पांघरणार असाल तर कापा. भिंतीला लावणार असाल तर हात लावायचा नाही." आणि वांगी लुगडं ती अख्खं ठेवून घेणार आहे. ठरलं.

@शंकासुर, तुमचंही मन राखलं गेलं बघा, एक अख्खं राहतंय.

आता हिशोब. मोरपंखीतून ५४ इंचाचे सहा, हिरव्यातून पाच. सहा आणि पाच अकरा! रुंदी ४६ इंच. म्हणजे ५४ बाय ४६ ची अकरा पांघरुणं. हिरव्याचा २१ इंचांचा तुकडा उरतो.

---

शंकासुर
११ सप्टेंबर, रात्री ८:४०

मान्य. काकूंचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा चांगलं आहे.

एक शंका मात्र राहते (नावाला जागतो). सध्या पितृपक्ष चालू आहे. नवीन कामाला सुरुवात करताय?

---

सोलापुरी_चादर
११ सप्टेंबर, रात्री ९:०२

आजीचंच काम हाय, पितृपक्षात न्हाई तर कवा करायचं?

---

टाकाटाका
१२ सप्टेंबर, सकाळी ११:३०

कात्री लावण्याआधी तीन गोष्टी कराच.

एक, रंग. लाल पदर हमखास रंग सोडतो. पांढरं फडकं ओलं करून पदरावर ठेवा, वरून कोमट इस्त्री दाबा. फडक्यावर लाल उमटलं तर पदर वेगळा काढा आणि मिठाच्या गार पाण्यातून, पाण्याला रंग यायचा थांबेपर्यंत धुवा. हे न करता शिवलंत तर पहिल्या धुण्यात अख्खी गोधडी गुलाबी.

दोन, मांजरपाट. कोरा मांजरपाट रात्रभर पाण्यात टाका, वाळवा, मग कापा. तो आटतो, लुगडं आटून बसलेलं आहे. न धुता वापरलात तर नंतर गोधडी चुण्या पडून पापडासारखी होते.

तीन, पदर रेशमी असेल आणि अंग सुती असेल तर पदराचा तुकडा एकाच गोधडीत घालू नका. ज्याला येईल तो खूश, बाकी दहा जण तोंडं पाडणार. पदराच्या अकरा पट्ट्या काढा आणि प्रत्येकीच्या कडेला एक लावा.

---

सोलापुरी_चादर
१२ सप्टेंबर, दुपारी ४:४५

तिन्ही थर अंगणात पसरायचे, चार कोपऱ्याला चार दगडं. हातानं मधनं बाहेर सारवल्यागत सपाट करायचं. मग मोठा मोठा कच्चा टाका, मधनंच सुरू करून चारी बाजूला. ह्यो कच्चा टाका आळसानं सोडू नका. शेवटी एका कोपऱ्यात फुगवटा जमतो न्हवं, त्यो ह्या आळसाचा.

पक्का धावदोरा मात्र आमी कडंनं सुरू करतो आणि फिरत फिरत आत येतो, चौकोनात चौकोन. दोरा जाड सुती, मेणबत्तीवरनं एकदा ओढून घ्यायचा, गुंता होत न्हाई. बोटात अंगुस्तान घाला. पैल्या दिवशी कुणी घालत न्हाई, दुसऱ्या दिवशी सगळी शोधत्यात.

---

बेळगावकर
१२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

अवांतर: इकडे हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका अशाच जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, कवंदी म्हणतात. त्याही कडेकडून आत येतात. चारी कोपऱ्यांना रंगीत कापडाच्या घड्यांची त्रिकोणी "फुलं" लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी दिसते म्हणतात. तुमचा उरलेला २१ इंचांचा तुकडा फुलांना वापरा की.

---

निशिगंधा_पुणे
१३ सप्टेंबर, सकाळी १०:००

गोधड्यांसोबत उटण्याच्या पुड्या द्यायचा विचार असेल तर माझी चूक करू नका. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, मसुराचं पीठ, सगळं वस्त्रगाळ केलं, खादीच्या कागदाच्या पुड्या, वर प्रत्येकाचं नाव. हौसेने त्यात घरच्या गुलाबाच्या पाकळ्या घातल्या. त्या वरून वाळलेल्या दिसत होत्या, आत दमट होत्या. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला नणंदेने पुडी उघडली तर आत जाळी आणि अळ्या. अजून दर दिवाळीला आठवण निघते.

---

मेलबर्नची_मैना
१३ सप्टेंबर, दुपारी २:५५

यातलं कुणी परदेशात असेल तर गोधडी ही उत्तम भेट, सामानात दबून जाते. कंदील आणायचा तर ऑस्ट्रेलियात बांबू, लाकूड, वाळलेली फुलं सगळं विमानतळावर जाहीर करावं लागतं. मी आईने केलेला कंदील असा आणला होता. अधिकाऱ्याने कामट्यांत किडीची भोकं आहेत का ते शांतपणे दहा मिनिटं तपासलं आणि शेवटी विचारलं, याच्या आत दिवा कुठे लावतात?

---

कृष्णाकाठ
२१ सप्टेंबर, रात्री ११:१८

पहिली झाली!!

लाल पदराने तीन पाणी रंग सोडला, टाकाटाका तुमचे उपकार. पट्ट्या काढल्यात. दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घालायला बसले होते, एका ओळीला पाव तास, अशा तीस ओळी. साडेसात तास झाले आणि मान गेली. गुणिले अकरा केलं आणि घाबरले. आता तीन बोटांचं अंतर घेतेय, वीस ओळी, पाच तास. आई, धाकटी जाऊ आणि खरं सांगते, काकू. काकू रोज संध्याकाळी सिरियलच्या वेळेला येते, टीव्हीकडे बघत शिवते आणि माझा टाका वाकडा गेला की न बघता सांगते.

एक अडलंय. नावं घालायची आहेत. मशीनवर भरतकाम करून देणारे आहेत बाजारात, पण ते फोटोच्या कॉफीमगसारखंच दिसेल.

---

तुरटी
२१ सप्टेंबर, रात्री ११:४०

तुमची आजी तुम्हाला कागदावरच्या नावाने हाक मारायची का?

---

कृष्णाकाठ
२१ सप्टेंबर, रात्री ११:४४

नाही.

थांबा. नाही!! एकालाही नाही. मी "ठमे". दादा "पाटील". चुलतभाऊ "राघू", कारण लहानपणी मिरच्या खायचा. होस्टेलवाला "कोंबड्या", पहाटे उठून रडायचा म्हणून.

उद्याच सगळ्यांची यादी करते. दोघांची मला आठवत नाहीयेत, ती काकूला माहीत असणार.

---

टाकाटाका
२२ सप्टेंबर, सकाळी ८:१५

हाकाच घाला. साखळी टाका, दोन पदरी दोरा. आधी शिरोरेघ घालून घ्या आणि अक्षरं तिला लटकवत जा, ओळ आपोआप सरळ येते. "ठ" चा गोल नीट येत नाही, वाटी उलटी ठेवून खडूने गिरवा. तुमचंच आहे, आधी त्यावर हात बसवा.

---

क्रोशावाली
२ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

जरा वेगळा सूर लावते. हाताने केलेली भेट म्हणजे फुकटातली भेट, असा आपल्याकडे समज आहे. माझ्या क्रोशाच्या तोरणाला लोकरीचेच सव्वातीनशे लागले होते, दोन आठवडे दुपारी डोळे फोडले. घेणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे विचारलं, "अजून चार करशील? घरचीच आहेस." एकाही घरी मला कुणी "घरचाच आहेस" म्हणून फुकट प्लंबर आलेला दिसला नाही.

ताई, तुमच्याकडे चार बायका पाच-पाच तास बसतायत. अकरा नातवंडांतले पुरुष काय करतायत?

---

कृष्णाकाठ
२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अगदी नस पकडलीत. तुमचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभर शांतता. मग दादाने लिहिलं की मांजरपाट, दोरा आणि चौघींच्या चष्म्याचे नंबर तपासायचा खर्च त्याचा. राघू संध्याकाळीच येऊन कच्चे टाके घालून गेला. टाके बोटभर लांब आहेत, पण कच्चेच असायला हवेत ना, चालतंय. कंदिलाच्या कामट्या तासणं पुरुषांकडे दिलंय.

सात झाल्या. चार राहिल्या.

---

वाचनमात्र
१५ ऑक्टोबर, रात्री १२:०७

धागा वर काढतोय. वसुबारस परवावर आली. झाल्या का?

---

कृष्णाकाठ
२७ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३५

उशिराबद्दल माफी. काल घरी पोचले, आज फराळाचे रिकामे डबे घासले आणि लिहायला बसले.

अकराही झाल्या. शेवटची धनत्रयोदशीच्या रात्री, काकूने शिवली. कोपऱ्यात पोळीचा तुकडा घातला का विचारलं तर म्हणाली, पोळीला मुंग्या लागतात, मी तांदळाचे पाच दाणे घातले.

मोरपंखी सहा कुणाला द्यायच्या हा प्रश्नच नव्हता, हाका घातलेल्या होत्या. पण एकीत दांड आला होता. हिरव्यातली तिसरी. टाकाटाका, आम्ही तो झाकला नाही, निळा दोरा तसाच वर दिसू दिलाय आणि धावदोरा त्याच्या दोन्ही बाजूंनी थांबवलाय. म्हणून हिरव्या पाचींवर हाका शेवटपर्यंत घातल्याच नव्हत्या. पाडव्याला जेवणं झाल्यावर हिरव्यातल्या पाच जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या.

कोंबड्याला निघाली.

बाकीच्यांनी त्याला काय काय देऊ केलं! राघू हेडफोन द्यायला निघाला होता. कोंबड्या म्हणाला नको, आणि तिथेच ती अंगावर घेऊन ओटीवर झोपला, भर दुपारी, ऑक्टोबरच्या उकाड्यात. त्याची हाक मी तो झोपलेला असतानाच कोपऱ्यात घातली. "ब" आणि "ड्या" मधली जागा जरा जास्त सुटलीय.

दादाने मात्र स्वतःची घडी करून पिशवीत ठेवली होती. काकूने ती बाहेर काढली, झटकली आणि त्याच्या पायावर टाकली. एक शब्द बोलली नाही.

कंदिलात नावं उलटी उमटली. भाचरांनी अक्षरं आतून डकवताना आरशासारखी फिरवायची असतात हे ध्यानात घेतलं नाही. गिरगावकर, हे तुम्ही सांगायला हवं होतं!

---

गिरगावकर_तिसरामजला
२७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

अहो, मी चाळीतला माणूस, आमच्याकडे अर्धे लोक गॅलरीतून वाचायचे आणि अर्धे खोलीतून. कुणाला तरी सुलट दिसायचंच.

---

कृष्णाकाठ
९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मंडळी, एक शेवटचं. आत्ता कोंबड्याचा फोन आला. मेसची आमटी सांडलीय गोधडीवर, नेमकी दांडाजवळ. धुवायची कशी? होस्टेलवर वॉशिंग मशीन आहे, टाकू का विचारत होता. मी थांब म्हटलंय.

---

सोलापुरी_चादर
९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

मशीन नगं! डागावर आधी बेसन चोळायला सांगा, तेल वढून घेतं. मग गार पाण्यात एकटीच भिजवायची, मूठभर मीठ टाकून. संगट दुसरं कापड नगं. साबण अंगाचा चालतो. पिळायची न्हाई, गुंडाळून दाबायची. सावलीत, आडवी दोन दोऱ्यांवर, म्हंजे भार एका जागी येत न्हाई.

आणि दांडावर ब्रश मारू नको म्हणावं.